प्रोग्रॅमेबल क्लॉक जनरेटर निवडताना: आधी कागदावरची आकडेमोड, मग चिप

एकाच बोर्डावर ऑडिओला २४.५७६ मेगाहर्ट्झ लागतात, व्हिडिओला २७, आणि रेडिओच्या मिक्सरला सातच्या आसपास हवं तसं मागेपुढे सरकवता येणारं क्लॉक लागतं. प्रत्येकाला वेगळा क्रिस्टल लावायचा तर आडनिडे आकडे किरकोळीत सापडत नाहीत, आणि सरकवता येणारं काम साध्या क्रिस्टलने होतच नाही. तिथे प्रोग्रॅमेबल क्लॉक जनरेटर कामाला येतो. एका साध्या क्रिस्टलवरून तो हव्या त्या फ्रिक्वेन्सी काढून देतो आणि त्या सॉफ्टवेअरने बदलता येतात.

बहुतेक जण आधी चिप मागवतात आणि गणित नंतर मांडतात. मग कळतं की तिसरा आउटपुट मनासारखा निघत नाही, किंवा निघतो पण थरथरतो. ही आकडेमोड अर्ध्या तासाची आहे. ती आधी झाली की चिप आपोआप ठरते.

मुळात चिप लागते का?

एकच ठरलेली फ्रिक्वेन्सी हवी असेल तर चार पायांचा तयार ऑसिलेटर घ्या. त्याला कोड लागत नाही, वीज दिली की काही मिलीसेकंदांत तो चालू होतो आणि त्याचा जिटरही (क्लॉकच्या कडांची थरथर) बहुतेक वेळा कमी असतो. ऑडिओ डॅकवालेही (डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप) बऱ्याचदा इथेच थांबू शकतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या कुळाला २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ च्या कुळाला २४.५७६ मेगाहर्ट्झ लागतात, पण दोन्ही एकाच वेळी कधीच लागत नाहीत. एनेबल पिन असलेले दोन तयार ऑसिलेटर लावायचे आणि मायक्रोकंट्रोलरने त्यातला एकच चालू ठेवायचा. आवाजाच्या दर्जासाठी आमच्या मते हाच चांगला मार्ग आहे.

दुसरा पर्याय मायक्रोकंट्रोलरच्या टायमरचा. आर्डुइनो उनोच्या १६ मेगाहर्ट्झवरून टायमर पिन टॉगल करत राहिला तर ८, ४, २.६६७, २ अशा पायऱ्या मिळतात. खालच्या फ्रिक्वेन्सीला या पायऱ्या बारीक होत जातात, त्यामुळे काही किलोहर्ट्झचं क्लॉक हवं असेल तर टायमर पुरतो. ३.५७९५४५ मेगाहर्ट्झसारखा आडनिडा आकडा मात्र त्यातून निघणार नाही. आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरमध्ये अपूर्णांकी डिव्हायडर आहे, पण तो सरासरी जुळवण्यासाठी काही पल्स एका सिस्टिम क्लॉकने लांबवतो. १२५ मेगाहर्ट्झला ही उडी ८ नॅनोसेकंदांची असते. जुन्या झेड८० प्रोसेसरला तिचं काही वाटणार नाही, पण एडीसीला (सिग्नलचे आकडे करणारी चिप) ती सोसणार नाही.

कागदावर काय लिहायचं

एकाच वेळी किती आउटपुट हवेत? प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी किती, आणि ती कायमची की बदलती? किती चूक चालेल? जिटर किती चालेल? समोरच्या चिपला ३.३ व्होल्टचा सीमॉस सिग्नल हवा की एलव्हीडीएससारखी डिफरेन्शियल जोडी, म्हणजे दोन तारांवर एकमेकांच्या उलट जाणारा सिग्नल? आणि वीज आल्याबरोबर क्लॉक हवं की मायक्रोकंट्रोलर उठून सांगेपर्यंत थांबलं तरी चालेल?

चुकीचा आकडा पीपीएममध्ये मांडावा, म्हणजे दहा लाखांत किती. युआर्टला साधारण दोन टक्के, म्हणजे २०,००० पीपीएम चालतात. फुल-स्पीड यूएसबीला २५०० ची मुभा आहे, हाय-स्पीडला ५०० ची, आणि इथरनेटला १०० ची. रेडिओत पीपीएमपेक्षा थेट हर्ट्झ मोजावे. ३० पीपीएमचा क्रिस्टल ७.१ मेगाहर्ट्झला २१३ हर्ट्झ चुकतो, आणि एसएसबीवर (हॅम रेडिओवर बोलण्याची एक पद्धत) एवढ्या फरकाने समोरच्याचा आवाज ओळखू येईनासा होतो. २ पीपीएमच्या टीसीएक्सओने (तापमानाची भरपाई करणारा ऑसिलेटर) तीच चूक १४ हर्ट्झवर येते.

जिटरचा हिशेब थोडा वेगळा आहे आणि नेमका तोच टाळला जातो. क्लॉकची कड किती पुढेमागे होते हे जिटर सांगतो. तेच क्लॉक एडीसीला दिलं तर सिग्नल आणि नॉइज यांचं जास्तीत जास्त गुणोत्तर डेसिबलमध्ये असं काढतात: २ गुणिले पाय (π) गुणिले इनपुट सिग्नलची फ्रिक्वेन्सी गुणिले आरएमएस (एक प्रकारची सरासरी) जिटर, या गुणाकाराचा लॉग घेऊन उणे वीसने गुणायचं. इनपुट २० किलोहर्ट्झ आणि जिटर १०० पिकोसेकंद असेल तर ९८ डेसिबल येतात. सोळा बिटच्या ऑडिओला ते पुरतात. इनपुट १० मेगाहर्ट्झ आणि जिटर तेवढाच असेल तर ४४ डेसिबलवर गाडी थांबते, म्हणजे जेमतेम सात बिट. एडीसी १४ बिटांचा घेतला तरी त्यातले निम्मे बिट वाया जातात. थेट एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा) सॅम्पल करणाऱ्या रिसीव्हरला पिकोसेकंदाच्या आतबाहेरचं क्लॉक का लागतं, हे यावरून लक्षात यावं. डेटाशीट वाचताना पीक-टू-पीक आकडा आणि आरएमएस आकडा एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. एकाच सिग्नलचा पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

कोणत्या कुळातली चिप

क्रिस्टलच नको आणि एक टक्क्याच्या आसपासची चूक चालत असेल तर एलटीसी६९०३ किंवा एलटीसी६९०४ बघा. पहिली एसपीआयवर चालते, दुसरी आय-टू-सीवर (मायक्रोकंट्रोलरशी बोलायच्या या दोन पद्धती). १ किलोहर्ट्झ ते ६८ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा, ५ व्होल्टवरही चालते, बाहेर एक-दोन कपॅसिटर पुरतात. स्विच्ड-कपॅसिटर फिल्टरचा कोपरा सरकवायला किंवा जुन्या प्रोसेसरचा वेग बदलून बघायला ही उत्तम. यूएसबी, रेडिओ किंवा घड्याळाला चालणार नाही.

एडी९८३३ क्लॉक जनरेटर म्हणून विकत घेतली जाते, पण ती मुळात डीडीएस, म्हणजे आकड्यांवरून थेट लहर घडवणारी चिप आहे. साइन आणि त्रिकोणी लहर छान देते. २५ मेगाहर्ट्झच्या मास्टर क्लॉकवर २८ बिटांचं रजिस्टर असल्यामुळे ०.१ हर्ट्झची पायरी मिळते. अडचण तिच्या चौकोनी आउटपुटची आहे. त्याची कड मास्टर क्लॉकच्या ठोक्यावरच पडू शकते आणि ते ठोके ४० नॅनोसेकंदांच्या अंतरावर असतात. ३ मेगाहर्ट्झ मागितले तर ३३३ नॅनोसेकंदांच्या आवर्तनात ४० ची चालढकल होणार. साइन फिल्टरमधून काढून कंपॅरेटरला दिली की हे बरंच सुधारतं, पण मग एका चिपच्या जागी तीन भाग होतात.

मायक्रोकंट्रोलर नसलेल्या बोर्डाला सीडीसीई९१३ योग्य. आत ईईप्रॉम असल्यामुळे एकदा लिहिलेलं वीज गेली तरी टिकतं. एक पीएलएल (संदर्भ क्लॉकला गुणून वरची फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट), तीन आउटपुट, २३० मेगाहर्ट्झपर्यंत. तिच्या गाभ्याला १.८ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्यावा लागतो हे विसरू नका. त्याच घराण्यातल्या सीडीसीई९४९ मध्ये चार पीएलएल आणि नऊ आउटपुट आहेत.

पीसीआय एक्स्प्रेस, गिगाबिट सेर्डेस किंवा डिफरेन्शियल क्लॉक मागणारा एफपीजीए असेल तर एसआय५३३८, एसआय५३३२ किंवा व्हर्साक्लॉक ५ या वर्गात जावं लागतं. एकच पण अतिशय स्वच्छ आणि सरकवता येणारी फ्रिक्वेन्सी हवी असेल तर एसआय५७०. या चिप महाग आहेत आणि छंदाच्या प्रकल्पात क्वचितच गरजेच्या ठरतात.

उरलेल्या बहुतेक कामांना एसआय५३५१ए चालते. सिलिकॉन लॅब्जची ही चिप २०२१ साली त्यांचा टायमिंग व्यवसाय स्कायवर्क्सकडे गेल्यापासून स्कायवर्क्सच्या नावाने येते. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या यूबिटएक्स ट्रान्सीव्हरमधले तिन्ही ऑसिलेटर याच एका चिपमधून निघतात. पुढचं सगळं विवेचन तिच्याभोवती ठेवलं आहे, कारण तिच्या मर्यादा एकदा नीट कळल्या की इतर चिपच्या डेटाशीटमध्ये काय शोधायचं तेही कळतं.

एसआय५३५१ए आतून कशी आहे

२५ किंवा २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. त्यावरून दोन पीएलएल, ए आणि बी, प्रत्येकी ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतात. प्रत्येक आउटपुटला मल्टिसिंथ नावाचा स्वतःचा डिव्हायडर, आणि त्यापुढे १ ते १२८ पर्यंत दोनाच्या पटीत भागणारा आर डिव्हायडर. मल्टिसिंथला ४, ६ किंवा ८ ने भागता येतं, आणि आठाच्या पुढे कोणत्याही अपूर्णांकाने. दहा पायांच्या एमएसओपी पॅकेजमध्ये तीन आउटपुट मिळतात, वीस पायांच्या क्यूएफएनमध्ये आठ.

सगळी गोम एका गोष्टीत आहे: आउटपुट तीन किंवा आठ असले तरी पीएलएल दोनच आहेत. मल्टिसिंथला सम पूर्णांक दिला की आउटपुट सर्वात स्वच्छ येतो. अपूर्णांक दिला तर सरासरी फ्रिक्वेन्सी अचूक येते, पण कडा जास्त हलतात. पीएलएलचा गुणक अपूर्णांकी असला तरी तेवढा त्रास होत नाही, कारण पीएलएलचा लूप फिल्टर तो बराचसा गुळगुळीत करतो. म्हणून नियम असा ठेवावा की अपूर्णांक पीएलएलच्या गुणकात जाऊ द्यावा आणि मल्टिसिंथ सम पूर्णांकावर ठेवावा. या नियमाने दोनच वेगळ्या फ्रिक्वेन्सी मनाजोग्या निघतात. तिसरी पहिल्या दोनपैकी एखाद्या पीएलएलला पूर्णांकाने भागून येत असेल तर नशीब, नाहीतर तिला अपूर्णांक पत्करावा लागतो.

वरच्या टोकाला आणखी एक भिंत आहे. ९०० भागिले ८ म्हणजे ११२.५ मेगाहर्ट्झ. त्याच्या वर फक्त ४ आणि ६ हेच भाजक उरतात, त्यामुळे ११२.५ च्या वरच्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी एका वेळी दोनच मिळतात.

२४.५७६ मेगाहर्ट्झ काढून पाहू

९०० च्या आत बसणारा सम भाजक शोधा. २४.५७६ ला ३६ ने गुणलं की ८८४.७३६ मेगाहर्ट्झ येतात. हा पीएलएलचा आकडा. त्याला २५ ने भागा: ३५.३८९४४. अपूर्णांकाचा भाग ०.३८९४४ संक्षिप्त रूपात १२१७ भागिले ३१२५ होतो. म्हणजे अ = ३५, ब = १२१७, क = ३१२५. क हा १०,४८,५७५ च्या आत असला पाहिजे. इथे तो कितीतरी लहान आहे आणि बाकी शून्य उरते, म्हणजे गणितात चूक अजिबात नाही. जी चूक राहील ती क्रिस्टलची.

चिपला अ, ब, क थेट देता येत नाहीत. तिला पी१, पी२, पी३ लागतात:

पी१ = १२८ × अ + (१२८ × ब ÷ क चा पूर्णांक भाग) − ५१२
पी२ = १२८ × ब − क × (त्याच भागाकाराचा पूर्णांक भाग)
पी३ = क

१२८ × १२१७ = १,५५,७७६. त्याला ३१२५ ने भागलं की पूर्णांक भाग ४९. म्हणून पी१ = ४४८० + ४९ − ५१२ = ४०१७, पी२ = १,५५,७७६ − १,५३,१२५ = २६५१, पी३ = ३१२५. मल्टिसिंथला हेच सूत्र ३६ साठी लावा: पी१ = ४०९६, पी२ = ०, पी३ = १.

आता दुसऱ्या पीएलएलवर २२.५७९२. त्याला ३८ ने गुणून ८५८.००९६ येतात, २५ ने भागून ३४.३२०३८४, म्हणजे ३४ पूर्णांक ५००६ भागिले १५६२५. हेही तंतोतंत. दोन्ही पीएलएल संपले. याच बोर्डावर २७ मेगाहर्ट्झही हवे असतील तर ८८४.७३६ ला २७ ने भागून ३२.७६८ येतात, म्हणजे ३२ पूर्णांक ९६ भागिले १२५. फ्रिक्वेन्सी अचूक, पण कडा हलत्या. आता निर्णय आपला: ऑडिओ स्वच्छ ठेवायचा की व्हिडिओ? उलट करायचं असेल तर पीएलएल ८६४ वर ठेवा. मग २७ ला ३२ हा सम पूर्णांक मिळतो, आणि २४.५७६ च्या वाट्याला ३५ पूर्णांक ५ भागिले ३२ येतात. चिप मागवण्याआधी हा प्रश्न कागदावर पडला पाहिजे, तो याचसाठी.

क्वाड्रेचर हवं असेल तर

साध्या एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओ) रिसीव्हरला एकाच फ्रिक्वेन्सीचे, ९० अंशांनी सरकलेले दोन क्लॉक लागतात. एसआय५३५१ए मध्ये त्यासाठी फेज रजिस्टर आहे. त्याचा एक एकक म्हणजे पीएलएलच्या आवर्तनाचा चौथा भाग, म्हणून ९० अंशांसाठी रजिस्टरमध्ये मल्टिसिंथचा भाजकच लिहायचा. ७.१ मेगाहर्ट्झला पीएलएल ७१० वर, भाजक १००, एका आउटपुटच्या फेज रजिस्टरमध्ये १०० आणि दुसऱ्याच्या शून्य.

पण हे रजिस्टर सात बिटांचं आहे. १२७ च्या पुढे जाता येत नाही. सम भाजक १२६ आणि पीएलएल ६०० धरला तर ४.७६ मेगाहर्ट्झच्या खाली नियमात राहून क्वाड्रेचर मिळत नाही. चाळीस मीटरचा हॅम पट्टा (७ मेगाहर्ट्झ) चालतो, ऐंशी मीटरचा (३.५ मेगाहर्ट्झ) अडतो. ऐंशी मीटरसाठी चिपमधून चौपट फ्रिक्वेन्सी काढा आणि ७४एसी७४ च्या दोन फ्लिप-फ्लॉपने तिला चारने भागा. भाग एक वाढतो, पण फेज पक्की राहते आणि दर वेळी पीएलएल रीसेट करावा लागत नाही.

खरेदी

पार्ट नंबर पूर्ण वाचा. एसआय५३५१ए-बी-जीटी म्हणजे दहा पायांची कोरी चिप. मधल्या बी नंतर पाच आकडी-अक्षरी कोड असेल तर ती कोणाच्या तरी मागणीनुसार कारखान्यातच प्रोग्रॅम केलेली आहे, आणि चालू होताच भलतंच काही देऊ शकते. एसआय५३५१बी हा वेगळा प्रकार व्होल्टेजने किंचित ओढता येतो. एसआय५३५१सी हा प्रकार बाहेरचं १० ते १०० मेगाहर्ट्झचं संदर्भ क्लॉक घेतो, त्यामुळे जीपीएसवर बांधलेला १० मेगाहर्ट्झ वापरायचा असेल तर सीच घ्या.

स्वस्त मॉड्यूलवर अनेकदा एमएस५३५१एम ही चिनी जुळी चिप असते. रजिस्टर जवळपास तीच आहेत आणि साध्या कामाला ती चालते. विक्रीसाठी किंवा पट्ट्याच्या टोकाला चालणारं काही बनवत असाल तर मूळ चिपच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारताना मॉड्यूल हवं की सुटी चिप ते आधीच सांगा, आणि मॉड्यूल असेल तर त्यावरच्या क्रिस्टलच्या डब्यावरचा आकडा तिथेच वाचून घ्या: २५.००० की २७.०००.

पहिल्या प्रयोगाला मॉड्यूलच बरं. एमएसओपीच्या पायांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं. बारीक टोक, भरपूर फ्लक्स आणि सोल्डर विक असेल तर ते हाताने जमतं. क्यूएफएनला मात्र हॉट एअर हवीच.

जोडणी

गाभ्याचा सप्लाय २.५ किंवा ३.३ व्होल्ट. ५ व्होल्ट लागले तर चिप गेली. उनोला सुटी चिप जोडताना एसडीए आणि एससीएल ४.७ किलोओहमने ३.३ व्होल्टला ओढा आणि वायर लायब्ररी चालू केल्यावर आतले पुल-अप बंद करा, नाहीतर लाइनवर ५ व्होल्ट येत राहतात. एडाफ्रूटच्या मॉड्यूलसारख्या बोर्डांवर रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर आधीच असतात. व्हीडीडी आणि व्हीडीडीओ या दोन्ही पायांना प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरड, पायापासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत लावा. व्हीडीडीओ स्वतंत्र असल्यामुळे आउटपुट १.८, २.५ किंवा ३.३ व्होल्टचा ठेवता येतो. तो पाय मोकळा सोडला तर रजिस्टर सगळी बरोबर असूनही बाहेर काही येत नाही.

क्रिस्टलच्या पायांना कपॅसिटर लावू नका. मायक्रोकंट्रोलरच्या सवयीने हात २२ पिकोफॅरडकडे जातो. या चिपमध्ये ६, ८ किंवा १० पिकोफॅरडचा लोड आतच आहे आणि तो १८३ व्या रजिस्टरने निवडला जातो. बाहेरून आणखी लावलात तर फ्रिक्वेन्सी खाली ओढली जाते, आणि जास्त झालं तर क्रिस्टल सुरूच होत नाही. १० पिकोफॅरड लोडचा क्रिस्टल घ्या आणि तो रेग्युलेटरच्या उष्णतेपासून लांब ठेवा.

८ मिलीअँपिअर ड्राइव्हला आउटपुटचा स्वतःचा रोध सुमारे ५० ओहम असतो, म्हणून ५० ओहमच्या ट्रेसला वेगळा सिरीज रेझिस्टर बहुधा लागत नाही. तरी त्याची जागा पीसीबीवर सोडून शून्य ओहम लावा, पुढे बदलता येतो. दहा पायांच्या पॅकेजमध्ये सीएलके० आणि सीएलके१ शेजारी आहेत आणि एकाचा सिग्नल दुसऱ्यात झिरपतो. रिसीव्हरमध्ये दोनच लागत असतील तर सीएलके० आणि सीएलके२ वापरा. त्यांच्यामध्ये व्हीडीडीओ आणि ग्राउंडचे पाय येतात.

आउटपुट चौकोनी आहे हेही लक्षात असू द्या. तिसरा हार्मोनिक मूळ लहरीच्या फक्त ९.५ डेसिबल खाली असतो. मिक्सरला ते चालतं, अँटेनाकडे जाणाऱ्या वाटेवर लो-पास फिल्टर सक्तीचा. प्रक्षेपणाला हॅम परवानाही लागतो.

रजिस्टर लिहिण्याचा क्रम

तयार लायब्ररी वापरली तरी हा क्रम एकदा समजून घ्या, कारण बिघाड शोधताना हाच उपयोगी पडतो. सगळे आकडे दशमान आहेत.

१. रजिस्टर ० वाचा. सर्वात वरचा बिट शून्य होईपर्यंत थांबा. तोपर्यंत चिप स्वतःला सावरत असते.
२. रजिस्टर ३ मध्ये २५५: सगळे आउटपुट बंद.
३. रजिस्टर १६ ते २३ मध्ये प्रत्येकी १२८: सगळे ड्रायव्हर झोपलेले.
४. रजिस्टर १८३ मध्ये २१०: क्रिस्टलला १० पिकोफॅरड. आठसाठी १४६, सहासाठी ८२.
५. रजिस्टर २६ ते ३३ मध्ये पीएलएल ए: १२, ५३, ०, १५, १७७, ०, १०, ९१. हे वर काढलेले पी३, पी१ आणि पी२ बाइटमध्ये फोडून आले आहेत.
६. रजिस्टर ४२ ते ४९ मध्ये मल्टिसिंथ ०: ०, १, ०, १६, ०, ०, ०, ०.
७. रजिस्टर १४९ मध्ये ०: स्प्रेड स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सी मुद्दाम पसरवण्याची सोय) बंद.
८. रजिस्टर १६ मध्ये ७९: सीएलके० जागा, पूर्णांक मोड, पीएलएल ए, ८ मिलीअँपिअर.
९. रजिस्टर १७७ मध्ये १७२: दोन्ही पीएलएल रीसेट.
१०. रजिस्टर ३ मध्ये २५४: सीएलके० चालू.

चिप कोरी असेल तर वीज गेली की हे सगळं पुसलं जातं. दर वेळी पुन्हा लिहावं लागतं.

व्हीएफओसाठी (रेडिओचा सरकवता येणारा ऑसिलेटर) फ्रिक्वेन्सी सरकवताना फक्त पाचव्या पायरीचे आठ बाइट एका सलग आय-टू-सी व्यवहारात बदला आणि १७७ ला हात लावू नका. दर पायरीला रीसेट केला तर हेडफोनमध्ये टकटक ऐकू येते. ४०० किलोहर्ट्झच्या बसवर हे लिखाण पाव मिलीसेकंदात संपतं. भाजक किंवा फेज बदलला असेल तरच रीसेट करा. पायरीची काळजी नको: पीएलएल ७१० वर आणि भाजक १०० असताना सर्वात बारीक पायरी ०.२४ हर्ट्झची पडते.

बिघाड आणि त्यांची कारणं

फ्रिक्वेन्सी बरोबर ८ टक्के जास्त येतेय? बोर्डावर २७ चा क्रिस्टल आहे आणि कोडमध्ये २५ लिहिलाय. ७.४ टक्के कमी असेल तर उलट. हा दोष इतका वारंवार होतो की मोजमापाचं पहिलं काम हेच असावं.

स्कॅनरला पत्ता हेक्स ६० वर काही सापडतं, पण आउटपुट नाही. आधी बसवर दुसरं कोण आहे ते बघा. टीईए५७६७ हा एफएम रेडिओ आणि एमसीपी४७२८ हा डॅक याच पत्त्यावर बसतात. ते नसतील तर रजिस्टर ० पुन्हा वाचा. पीएलएलचा लॉक सुटल्याचे बिट चढलेले असतील तर पीएलएल ६०० ते ९०० च्या बाहेर मागितला गेलाय किंवा क्रिस्टल सुरूच झालेला नाही.

फ्रिक्वेन्सी बरोबर, पण स्पेक्ट्रममध्ये मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना छोट्या रेषा दिसतात: मल्टिसिंथ अपूर्णांकावर आहे, किंवा तिथे सम पूर्णांक असूनही पूर्णांक मोडचा बिट द्यायचा राहिलाय. रेषेऐवजी रुंद पट्टा दिसत असेल तर स्प्रेड स्पेक्ट्रम चालू राहिलाय.

ऑसिलोस्कोपवर कडेला मोठे झोके दिसले तर चिपला दोष देण्याआधी प्रोबची लांब मगर-क्लिप काढा, प्रोब दहापटीवर ठेवा आणि छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा. बरेचसे झोके त्या वायरचेच असतात. ब्रेडबोर्डवर शंभर मेगाहर्ट्झची लहर नीट बघता येत नाही, तो प्रयत्न सोडून द्या.

शेवटी क्रिस्टलची दुरुस्ती. १० मेगाहर्ट्झ मागा, अर्धा तास चालू ठेवा म्हणजे तापमान स्थिरावेल, आणि जीपीएसवर बांधलेल्या काउंटरने मोजा. १,००,००,१४० हर्ट्झ आले तर क्रिस्टल १४ पीपीएम पुढे आहे, म्हणजे तो प्रत्यक्षात २,५०,००,३५० हर्ट्झवर चालतोय. कोडमध्ये २५ मेगाहर्ट्झच्या जागी हाच आकडा टाका आणि ब, क नव्याने काढा. आता ते सुटसुटीत येणार नाहीत. क सरळ १०,४८,५७५ धरा आणि ब जवळच्या पूर्णांकाला आणा. राहिलेली चूक पीएलएलवर १२ हर्ट्झच्या आत असते आणि भाजकाने भागली की एक हर्ट्झही उरत नाही. दुरुस्तीचा आकडा मायक्रोकंट्रोलरच्या ईईप्रॉममध्ये ठेवा आणि पहिलं वर्षभर दर काही महिन्यांनी पुन्हा मोजा. नवा क्रिस्टल सुरुवातीलाच सर्वात जास्त सरकतो.